श्रुन्सचे दोन हिवाळे

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी एका मैत्रिणीला वाढदिवसाला 'अ मूव्हेबल फीस्ट' दिलं होतं. अर्नेस्ट हेमिंग्वेचं, पॅरिसमधल्या त्याच्या तरुणपणावरचं पुस्तक. दोन महिन्यांनी तिनं ते वाचून परत आणून दिलं. (वाढदिवसाची भेट वाचून परत करणं हे फक्त पुणेकरांनाच जमतं.) मी मोठ्या आशेनं विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "मस्त लिहितो रे. पण ह्याची बायको सारखी स्टेशनवरच का उभी असते?"

मला तेव्हा राग आला होता. शेवटचं प्रकरण माझं सगळ्यात आवडतं होतं आणि त्यातला स्टेशनचा प्रसंग तर तोंडपाठ होता. ऑस्ट्रियातलं श्रुन्स नावाचं छोटं गाव, रुळांशेजारी रचून ठेवलेले लाकडाचे ओंडके, त्यांच्याजवळ उभी असलेली बायको, उन्हात चमकणारे तिचे केस, शेजारी गुबगुबीत पोरगा. गाडीतून हे दृश्य बघणाऱ्या नवऱ्याला वाटतं, हिच्याशिवाय दुसऱ्या कुणावर प्रेम करण्याआधी आपण मेलो असतो तर बरं झालं असतं. पॅरिसमध्ये दुसऱ्या बाईबरोबर राहून तो नुकताच परत येतोय. एवढं वाचून ज्याच्या घशात काही अडकत नाही त्यानं वाचनाचा नाद सोडावा, असं माझं त्या वयात मत होतं.

ह्या हिवाळ्यात ते पुस्तक पुन्हा वाचलं. ह्या वेळी फोनवर, आणि दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून. तो प्रश्न काही डोक्यातून गेला नव्हता.

मराठी वाचकाला हेमिंग्वे माहीत असतो तो बहुतेक समुद्रावरचा. पुलंनी 'द ओल्ड मॅन अँड द सी'चं 'एका कोळियाने' केलं, त्यामुळे आपल्याकडे तो होडी, दोर आणि मासा ह्यांचा लेखक. बर्फातला हेमिंग्वे त्या मानानं अनोळखी, पण त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घोटाळा बर्फातच झाला.

१९२४चा डिसेंबर. हेमिंग्वे पंचवीस वर्षांचा, हॅडली त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, मुलगा बंबी सव्वा वर्षाचा. पॅरिसमधला हिवाळा ओला आणि खर्चिक, म्हणून हे तिघं ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, फोरार्लबर्ग प्रांतातल्या मोंटाफोन खोऱ्यात जातात. हॉटेल टाउबेमध्ये उतरतात. मार्चपर्यंत राहतात. पुढच्या डिसेंबरात, म्हणजे १९२५मध्ये, पुन्हा तिथेच. असे दोन हिवाळे. ह्या दोन हिवाळ्यांबद्दल तो पुढे पस्तीसएक वर्षं अधूनमधून लिहीत राहिला.

'अ मूव्हेबल फीस्ट'मधलं वर्णन वाचताना भूक लागते. सशाचं मटण, हरणाचं मटण, तांबडी वाइन, ढीगभर प्रकारची बिअर, खोऱ्यातच गाळलेली कीर्श. वाढलेली दाढी घेऊन बर्फातून उतरणाऱ्या ह्या गड्याला तिथले शेतकरी कीर्श पिणारा काळा येशू म्हणायचे, असं तो स्वतःच कौतुकानं सांगतो. हॉटेलात चोरून पोकर चालतो. जुगाराला बंदी, आणि खेळायला बसलेल्यांत सरकारी वकील आणि पोलिसांचा कॅप्टन! बाहेर गस्तीची पावलं वाजली की सगळे चिडीचूप. ह्या पानांवर हेमिंग्वे जितका मिस्कील आहे तितका क्वचित असतो.

आणि स्कीइंग. इथे एक गोष्ट आजच्या वाचकाला मुद्दाम सांगायला हवी, कारण आपण स्कीइंग बघतो ते रील्समध्ये: लिफ्टनं वर, वाऱ्यासारखं खाली, पुन्हा लिफ्ट. श्रुन्सला तेव्हा लिफ्ट नव्हती. स्कीच्या तळाला सीलचं कातडं बांधायचं, म्हणजे त्याची लव उलटी होऊन चढावर मागे घसरायला होत नाही, आणि तासन् तास चढायचं. सिल्व्रेटाच्या डोंगरांत माडलेनर हाउस नावाचं बिऱ्हाड होतं, तिथे मुक्काम करायचा, आणखी वर हिमनदीपर्यंत जायचं, आणि मग ती एक उतरण. हेमिंग्वेचा सगळा जोर ह्यावर आहे की जे उतरायचं ते आधी चढावं लागे, आणि चढल्यामुळेच पायांना उतरण्याची लायकी येई. तो हे तंत्राबद्दल लिहितो, पण ते सगळ्या पुस्तकाचंच नीतिशास्त्र आहे: कष्टाशिवाय मिळालेला आनंद खोटा. थोडं पुढे गेल्यावर श्रीमंत माणसं येतात, न चढता वर पोचलेली, आणि सगळं नासतं. वाचणाऱ्याला आधीच पटलेलं असतं.

गंमत अशी की हे लिहिताना तो जिथे येऊन-जाऊन होता, आणि १९५९मध्ये जिथे त्यानं घर घेतलं, ते आयडाहोमधलं केचम म्हणजे सन व्हॅलीच्या शेजारचं गाव. जगातली पहिली खुर्चीची स्की-लिफ्ट १९३६मध्ये सन व्हॅलीलाच सुरू झाली. आणि तीन वर्षांनी तिथल्या हॉटेलनं त्याला जाहिरातीसाठी पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तो गेला.

बरं, पैशांचं काय? आठवणींत तो सांगतो की तिघांचं राहणं-खाणं मिळून दिवसाला साधारण दोन डॉलर पडत, आणि ऑस्ट्रियन शिलिंग घसरत असल्यामुळे ते आणखी स्वस्त होत जाई. हे वाचून मी एकदा थांबलो, कारण इतिहास नेमका उलटा आहे. घसरली होती ती क्रोन, आणि तीही १९२१-२२च्या महागाईत. त्या महागाईतून बाहेर पडल्यावर डिसेंबर १९२४मध्ये कायदा करून शिलिंग आणलं गेलं, दहा हजार क्रोनला एक शिलिंग ह्या भावानं, आणि ते इतकं स्थिर राहिलं की पुढे त्याला आल्प्सचा डॉलर म्हणू लागले. साठीला टेकलेल्या माणसाची चलनाची आठवण चुकली म्हणून त्याला फासावर देऊ नये. पण चूक कुठल्या बाजूला झुकली आहे ते बघण्यासारखं आहे. आठवणीत सगळं होतं त्यापेक्षा स्वस्त, आपण होतो त्यापेक्षा गरीब. प्रत्यक्षात ह्या संसाराचा मोठा आधार हॅडलीच्या वारशाच्या पैशांचं उत्पन्न होता. पुस्तकात त्याला जवळपास जागा नाही. गरिबी ठेवली, कारण गरिबी निष्पाप असते.

आता हिमस्खलनांकडे येऊ. ह्या प्रकरणाचा कणा तोच आहे.

पहिला हिवाळा त्याच्या लेखी हिमस्खलनांचा. वाल्टर लेंट नावाचे गृहस्थ श्रुन्सला स्कीची शाळा चालवत. एके काळी ते आर्लबर्गच्या हानेस श्नायडरचे भागीदार, म्हणजे ऐरागैरा माणूस नव्हे. नाताळच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर स्की करायला काही जर्मन पाहुणे यायचे होते. बर्फ उशिरा आणि बेभरवशाचा पडला होता, लेंटनी येऊ नका म्हणून तार केली. ते आले. उतार धोक्याचा आहे, जायचं नाही, असं सांगितलं. त्यांनी लेंटना भित्रा म्हटलं. शेवटी लेंट त्यांना घेऊन गेले, उतार आधी स्वतः ओलांडला, आणि मागून अख्खा डोंगर खाली आला. तेरा जणांना उकरून काढलं, त्यांतले नऊ मेलेले. त्यानंतर शाळेत विद्यार्थी म्हणून जवळजवळ फक्त हेमिंग्वे पती-पत्नी उरले. ही तिघं मग हिमस्खलनांचा अभ्यास करत बसतात: किती प्रकारची, कशी टाळायची, सापडलोच तर काय करायचं. आणखी एक गाडलेला माणूस सापडतो. बर्फाखाली मान इकडून तिकडे घासून घासून ती हाडापर्यंत झिजलेली. त्यानं जाणूनबुजून तसं केलं की भ्रमिष्ट होऊन, हे कुणालाच ठरवता येत नाही. आणि तो कॅथलिक असल्याचा पुरावा नाही, म्हणून धर्मगुरू त्याला पवित्र जमिनीत पुरू देत नाही.

हे दोन परिच्छेद माझ्या मते पुस्तकातले सर्वोत्तम. त्यांत कुणावरही शेरा नाही. लेंट दोषी की नाही, हे हेमिंग्वे ठरवत नाही. ते नको म्हणाले होते, हे खरं. शेवटी घेऊन गेले तेच, हेही खरं. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून तो पुढे जातो.

आणि मग त्याच प्रकरणात, काही पानांनंतर, तो स्वतःबद्दल हेच करू शकत नाही.

दुसऱ्या हिवाळ्याबद्दल तो म्हणतो की त्याच्यापुढे हिमस्खलनांचं वर्ष म्हणजे बालपणातला निरागस हिवाळा वाटावा. काय झालं? श्रीमंत माणसं आली. त्यांना वाट दाखवणारा एक जण आधी आला, शार्कच्या पुढे पोहणाऱ्या माशासारखा. नावं नाहीत, पण सगळ्यांना माहीत आहेत: वाट दाखवणारा म्हणजे कादंबरीकार जॉन डॉस पॅसोस, श्रीमंत म्हणजे जेराल्ड आणि सारा मर्फी. तसंच एक तरुण, अविवाहित मुलगी बायकोची मैत्रीण होऊन घरात येते आणि नकळत, निरागसपणे, अथकपणे नवऱ्याशी लग्न करायला निघते. ही पॉलीन फायफर, १९२७च्या मे महिन्यात झालेली हेमिंग्वेची दुसरी बायको. ह्या पानांवर नवरा नावाचा प्राणी काहीच करत नाही. त्याच्या बाबतीत गोष्टी घडतात. फार तर श्रीमंतांनी कादंबरीची स्तुती केल्यावर तो कुत्र्यासारखी शेपटी हलवतो. अख्खा माणूस नामानिराळा. बाहेरून एक हिमस्खलन आलं आणि घर गाडलं गेलं.

तारखा मांडल्या की गोष्ट वेगळी दिसते. पॉलीन श्रुन्सला आली १९२५च्या नाताळात. फेब्रुवारी १९२६मध्ये हेमिंग्वे प्रकाशक बदलायला न्यूयॉर्कला गेला, परतताना पॅरिसला तिच्याजवळ थांबला, आणि मग ते स्टेशन, ते ओंडके, ती हॅडली. मर्फी आणि डॉस पॅसोस श्रुन्सला आले ते मार्चमध्ये. म्हणजे ज्यांच्या माथी खापर फोडायचं ते स्कीइंगला पोचले तोवर मडकं फुटून गेलेलं होतं.

पण इथे एक पेच आहे, आणि ह्याच पेचामुळे मला दोन आवृत्त्या शेजारी ठेवाव्या लागल्या. 'अ मूव्हेबल फीस्ट' हेमिंग्वेनं स्वतः छापलेलं पुस्तक नाही. १९५७पासून तो त्यावर काम करत होता. जुलै १९६१मध्ये त्यानं आत्महत्या केली तेव्हा त्याला पक्का शेवट नव्हता. १९६४ची आवृत्ती त्याची चौथी बायको मेरी हिनं संपादित केली. श्रुन्सचं प्रकरण शेवटी नेलं गेलं, आणि त्याला श्रीमंतांवरचा मजकूर जोडला गेला. २००९मध्ये शॉन हेमिंग्वे ह्या नातवानं नवी आवृत्ती काढली. तीत श्रुन्सचे हिवाळे मधेच, स्कॉट फिट्झजेराल्डच्या प्रकरणांच्या आधी येतात, आणि श्रीमंतांचा भाग मागे, परिशिष्टासारखा. त्या भागात १९६४ला गाळलेला मजकूर आहे. त्यात हेमिंग्वे साधारण असं म्हणतो की मुलीनं मैत्रिणीला फसवणं वाईट होतं, पण त्याची मला किळस आली नाही हा माझा आंधळेपणा. दोष मी स्वतःवर घेतला आणि पश्चात्तापासोबत जगलो.

म्हणजे कबुली होती. कापली गेली. मग ज्या शेवटच्या प्रकरणावर मी कॉलेजात जीव टाकला, ते काही अंशी चौथ्या बायकोच्या कात्रीचं? आणि शॉन तर पॉलीनचा नातू. आजीला पुस्तकात बऱ्या उजेडात बसवण्यात त्याला रस असणारच, असं म्हणणारे तेव्हाही होते. हेमिंग्वेचा मित्र ए. ई. हॉचनरनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून नव्या आवृत्तीवर टीका केली होती. मला स्वतःला हा वाद थोडा वारसांच्या वाटणीसारखा वाटतो. एका बायकोनं हिवाळा एका बाजूनं झाडला, दुसरीच्या नातवानं दुसऱ्या बाजूनं.

आणि खरं सांगायचं तर कापलेली कबुली वाचून माझं समाधान झालं नाही. दोष मी घेतला, असं म्हणणं एका वाक्यात होतं. लेंटबद्दल लिहिताना त्यानं काय केलं होतं? तार, उतार, भित्रा हा शब्द, आणि मग पाऊल. पावलापावलानं. स्वतःबद्दल लिहिताना पावलं नाहीत, फक्त निकाल.

पावलं सापडतात ती कथांमध्ये. ह्यासाठी आठवणींचं पुस्तक बंद करून मागे जावं लागतं.

'क्रॉस कंट्री स्नो' जानेवारी १९२५मध्ये एका पॅरिसच्या मासिकात आली, म्हणजे श्रुन्सचा पहिला हिवाळा चालू असताना. कथा स्वित्झर्लंडची. निक आणि जॉर्ज हे दोन मित्र बर्फातून सुसाट खाली येतात, एका खानावळीत वाइन पितात. वाढणारी पोरगी तुसडी वागते म्हणून निक वैतागतो, आणि थोड्या वेळानं त्याला दिसतं की एप्रनखाली तिचं पोट आलंय. हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही, असं त्याच्या मनात येतं. मग जॉर्ज सहज विचारतो आणि कळतं की निकच्या बायकोलाही, हेलनलाही, मूल होणार आहे. अमेरिकेला परत जायचंय? नाही तसं. पुन्हा कधी स्कीइंगला येऊ या, वचन दे. वचनांत काही अर्थ नसतो. मग दोघं स्की बांधतात. निदान घरापर्यंतची उतरण तरी सोबत आहे.

सात-आठ पानांची कथा, आणि तिच्यात एक तरुण नवरा रंगेहाथ पकडला गेलाय: बायकोच्या पोटातलं मूल त्याला स्कीइंगच्या मधे आलेलं वाटतं, आणि हे वाटणं त्याला बोलता येत नाही. इथे कुठेही श्रीमंत नाहीत. मर्फी नाहीत, पॉलीन नाही. घसरण आधीपासून उतारातच आहे. पंचविशीतल्या लेखकाला हे दिसत होतं, निदान कथेपुरतं. आणि कथेतल्या बायकोला तर स्टेशनसुद्धा मिळालेलं नाही. ती फक्त नाव आहे.

दुसरी कथा 'अ‍ॅन अल्पाइन आयडिल'. ती लिहिली गेली १९२६मध्ये, तो दुसरा हिवाळा संपल्यावर. मला विचाराल तर त्या हिवाळ्याकडे वळून बघणारं त्याचं सगळ्यात प्रामाणिक लेखन हेच, आणि त्यात हिवाळ्याचं कौतुक औषधालाही नाही. दोघं मित्र सिल्व्रेटात महिनाभर स्की करून खाली येतात आणि त्यांना डोंगरांचा उबग आलाय. फार दिवस राहिलो, असं निवेदकाला वाटतं. वसंतातला बर्फ उन्हानं नासलेला, उन्हापासून सुटका नाही. खाली गावात एक पुरण्याचा विधी चाललाय. खानावळीत त्याची गोष्ट कळते: ओल्ट्स नावाच्या शेतकऱ्याची बायको डिसेंबरात मेली, बर्फामुळे प्रेत खाली आणता येईना, म्हणून त्यानं ते लाकडाच्या कोठीत ठेवलं. आखडल्यावर भिंतीला टेकवून उभं केलं. रात्री लाकडं फोडायला गेला की तिच्या उघड्या तोंडात कंदील अडकवायचा. धर्मगुरूनं विचारलं, तुझं तिच्यावर प्रेम होतं का? होतं की. चांगलंच होतं.

बायको मेलेली, हिवाळाभर गोठवून ठेवलेली, उजेडासाठी वापरलेली; आणि प्रेम होतं, हेही खरं. ज्या वर्षी हॅडलीचं लग्न मोडत होतं, त्या वर्षी त्यानं ही गोष्ट लिहिली. मी ह्याचं रूपक करून डोक्यावर थापत नाही, हेमिंग्वेनंही केलेलं नाही. निवेदकाचा मित्र गोष्ट ऐकून झाल्यावर जेवायचं बघू या म्हणतो. पण तीस वर्षांनी लिहिलेल्या सोनेरी केसांच्या स्टेशनपेक्षा त्या कोठीत मला जास्त थंडी वाजली.

आणखी एक. १९३६च्या 'द स्नोज ऑफ किलिमांजारो'मध्ये मरणाला टेकलेला लेखक हॅरी श्रुन्सचे बर्फ आठवतो, लेंटबरोबरचा जुगार आठवतो, आणि शेजारी बसलेल्या श्रीमंत बायकोवर डाफरतो की तुझ्या पैशानं माझं वाटोळं केलं. पण कथाच त्याला तिथे सोडत नाही. हॅरी स्वतःशी कबूल करतो की वाटोळं आपलं आपणच केलं, हिला कशाला बोल लावायचा. म्हणजे श्रीमंतांनी घात केला हा युक्तिवाद हेमिंग्वेनं छत्तीस साली स्वतःच तपासून खोडून काढला होता. साठीला तोच युक्तिवाद पुन्हा उभा राहतो, आणि ह्या वेळी खोडायला कुणी नाही.

असं का झालं असावं? एक साधं कारण मला दिसतं. कथेत तो निक होता, हॅरी होता, नाव नसलेला निवेदक होता. दुसऱ्याच्या अंगावर ढकललं की माणूस स्वतःला नीट मारू शकतो. आठवणीत 'मी' लिहावं लागतं, आणि 'मी'ला मारताना हात जड होतो. त्यात प्रकृती ढासळलेली, स्मरण दगा देऊ लागलेलं. चरित्रकार सांगतात की १९६१मध्ये त्यानं हॅडलीला फोन केला होता, पॅरिसच्या दिवसांतलं काही आठवेना म्हणून विचारायला. म्हणजे पुस्तकातली जी बाई ओंडक्यांजवळ मुकी उभी आहे, तिच्याकडेच काही आठवणी मागायची वेळ आली होती.

हॅडलीची बाजू पुढे तिच्या चरित्रांत आली, २०११मध्ये पॉला मॅक्लेनच्या 'द पॅरिस वाइफ' ह्या कादंबरीतही आली. कादंबरी खपली भरपूर, मला मात्र तीत हॅडली जरा जास्तच समंजस वाटली. स्टेशनवरून उचलून देवघरात ठेवल्यासारखी. आणि स्टेशनचं म्हणाल तर आणखी एक आहेच: डिसेंबर १९२२, पॅरिसचं गार द लियों. नवऱ्याला सुट्टीत काम करता यावं म्हणून हॅडली त्याची हस्तलिखितं बॅगेत भरून स्वित्झर्लंडला निघाली होती, तिथून पुढे स्कीइंगलाच जायचं होतं, आणि ती बॅग चोरीला गेली. ही गोष्ट तो पुस्तकात सांगतो. हॅडली रडत रडत पोचते, काय झालं ते तिला सांगता येत नाही. चूक तिची. त्या चुकीला मात्र नाव आहे, जागा आहे, गाडी आहे.

माझ्याकडची प्रत तीच आहे, परत आलेली. ती नव्यानं उघडल्यावर लक्षात आलं की मैत्रिणीनं अख्ख्या पुस्तकात एकाच ठिकाणी पेन्सिलीनं रेघ मारलीय. स्टेशनपाशी नाही. त्याच्या बरीच पानं आधी, स्कीच्या वर्णनात, जिथे लेंट दोघांना शिकवताहेत आणि हेमिंग्वे ओझरतं सांगून जातो की हॅडलीचे पाय मजबूत होते, स्कीवर तिचा ताबा चांगला होता आणि ती पडत नसे.